अजिंठ्याच्या तैलप्रती व छायाप्रकाशाचा पाठ

जुन्या पोथीचें मूळ हस्तलिखित जळालें, कसरीनें खाल्लें अथवा ओलीनें विरलें, म्हणजे अभ्यासकास तिच्या प्रतींवर विसंबावें लागतें. प्रत म्हणजे मूळ नव्हे, हें तो जाणतो. लेखकाच्या हाताची सवय, त्याच्या प्रांताचें वळण, त्यास अर्धवट कळलेला अर्थ, हें सर्व प्रतींत उतरतें. आणि तें ओळखून वेगळें काढल्यावांचून पाठ शुद्ध होत नाहीं. हा न्याय आपण पोथ्यांस नित्य लावितों. चित्रांस लावावयाचा मात्र राहून जातो. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या ज्या प्रती गेल्या शतकाच्या मागील शतकांत तैलरंगांत करण्यांत आल्या, त्यांस हा न्याय लावून पाहिला असतां काय निष्पन्न होतें, तें प्रस्तुत लेखांत मांडावयाचें आहे. ओघानें आमच्या स्वतःच्या एका जुन्या चुकीची कबुलीही द्यावयाची आहे.

ह्या विचारास निमित्त घडलें तें असें. आमचें वास्तव्य मुकुंदवाडीस. मुकुंदवाडी हें पूर्वीं औरंगाबादेच्या पूर्वेस जालन्याच्या वाटेवरील एक खेडें. आतां तें छत्रपति संभाजीनगर शहरांत पुरतें मिसळून गेलें आहे. येथून अजिंठ्याचीं लेणीं सुमारें १०० किलोमीटरांवर. आमचे एक जुने विद्यार्थी तैलरंगांत माणसांच्या तसबिरी करून उदरनिर्वाह करितात. गेल्या पावसाळ्यांत ते पहिल्या लेण्यांतील पद्मपाणि बोधिसत्त्वाची एक तैलप्रत करून आमच्याकडे घेऊन आले. चित्र सुरेख उतरलें होतें. परंतु त्यांच्या मनाचें समाधान नव्हतें. ते म्हणाले, “गुरुजी, मीं उजेड डावीकडून घेतला, त्याबरोबर चेहरा बदलला. उजवीकडून घेऊन पाहिला, तरी तो बदललाच. मूळ चित्रांत दिवा आहे तरी कोठें?”

आम्हीं तत्काळ उत्तर दिलें कीं, आपल्या शास्त्रांत वर्तना म्हणून छायाप्रकाशाचें अंग सांगितलेलें आहे, त्यास धरून दिवा शोधावा म्हणजे सांपडेल. हेंच आम्ही वर्गांत कित्येक वर्षें सांगत आलों होतों. पाश्चात्यांनीं आपणांस छायाप्रकाश शिकविला, ह्या समजुतीचें खंडन म्हणून तें सांगतांना आम्हांस एक प्रकारचें समाधानही वाटत असे. परंतु विद्यार्थ्यानें पुढें जो प्रयोग करून दाखविला, त्यामुळें आम्हांस ग्रंथ पुनः उघडावे लागले.

प्रयोग साधाच होता. त्यांनीं घरांतील एक जुनी पैठणी खुर्चीच्या पाठीवर टाकिली, तिच्या शेजारीं एक सुती लुगडें टाकिलें, आणि एक खिडकी उघडी ठेवून बाकीच्या लावून घेतल्या. मग एकाच निरीकडे बोट दाखवून त्यांनीं तीवरील उजेडाच्या पायऱ्या मोजून दाखविल्या. खिडकीकडील उंचवट्यावर चकाकी, तिच्याभोंवतीं प्रकाश, वळणाशीं मध्यम छटा, वळण ओलांडतांच सर्वांत गडद छाया, त्यापलीकडे शेजारच्या निरीवरून उलटून आलेला मंद उजेड, आणि शेवटीं त्या निरीची दुसरीवर पडलेली पडछाया. रेशमावर चकाकीची कड तीक्ष्ण, सुतावर ती विरघळलेली. हे सहा भेद कुंचल्यानें एकांत एक मिसळतां यावेत ह्यासाठींच तैलरंग सोयीचे. जवसाचें तेल पाण्याप्रमाणें उडून जात नाहीं. तें हवेंतील प्राणवायु घेऊन सावकाश घट्ट होतें. रंग दिवसभर, कधीं कधीं दोन-तीन दिवसही ओला राहतो आणि चिताऱ्यास उजेडाची कड सावलींत हलकेच मुरवितां येते. सावल्या पातळ व पारदर्शक ठेवावयाच्या, उजेड दाट पांढऱ्यानें वर उचलावयाचा, आणि खालच्या थरापेक्षां वरच्या थरांत तेल अधिक घालावयाचें, म्हणजे रंग तडकत नाहीं. ही त्या धंद्याची रीत.

प्रयोगाचें मर्म शेवटीं आलें. त्यांनीं ती खिडकी लाविली व समोरची उघडली. लुगडें हललें नव्हतें, एकही निरी मोडली नव्हती. तथापि चित्र सर्वस्वीं निराळें दिसूं लागलें. म्हणजे ज्यास आपण छायाप्रकाश म्हणतों, तो वस्तूचा धर्म नसून वस्तु आणि दिवा ह्यांच्या संबंधाचा धर्म आहे.

आतां ग्रंथांकडे वळूं. विष्णुधर्मोत्तराच्या तिसऱ्या खंडांतील ३५ ते ४३ ह्या अध्यायांस चित्रसूत्र म्हणतात. स्टेला क्रॅमरिश ह्या विदुषींनीं १९२४ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलें, आणि १९५८ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रियबाला शाह ह्यांनीं संपादिलेली तिसऱ्या खंडाची आवृत्ति निघाली. त्यांत वर्तनेचे तीन प्रकार सांगितले आहेत: पानाच्या शिरांसारख्या रेषांनीं होणारी पत्रजा, अतिसूक्ष्म रेषांची आहैरिका, आणि कुंचला उभा धरून दिलेल्या ठिपक्यांची बिंदुजा. इंग्रजींत वर्तनेचें भाषांतर छायादर्शक शब्दानें झालें, आणि तो शब्द आमच्यासारख्यांनीं जसाच्या तसा उचलला. परंतु मूळ शब्दांत छाया कोठेंच नाहीं. वर्तना हा शब्द वृत् धातूपासून आला. वर्तुल हा त्याचाच भाऊबंद. वळविणें, गोल करणें, हा त्याचा अर्थ. सपाट भिंतीवर अंगास गोलाई आणणें ती वर्तना. ह्याच ग्रंथांत, उंच आणि सखल हे भाग वेगळे दाखवितां येणें ही चित्रज्ञाची खूण म्हणून सांगितली आहे. तेथेंही उंचसखलपणाचाच विचार आहे, दिव्याचा नाहीं.

दुसरा आधार आपल्या घरचाच म्हणावयाचा. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याचा मानसोल्लास अथवा अभिलषितार्थचिंतामणि, सुमारें ११२९-३१ मधील. जुन्या मराठीचे नमुने त्यांत आढळतात म्हणून हा ग्रंथ ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस परिचित आहेच. त्याच्या चित्रप्रकरणांत रंग भरण्याचा नियम सांगितला आहे, त्याचें तात्पर्य असें कीं, वर आलेल्या भागीं रंग उजळ द्यावा आणि खोलगट भागीं काळसर द्यावा. ह्याहून स्पष्ट वचन दुसरें कोणतें पाहिजे? उजळपणा उंचीवर अवलंबून. सूर्य डावीकडे कीं उजवीकडे, ह्याचा प्रश्नच नाहीं. असा नियम पाळणाऱ्या चित्रांत पडछाया पडणार नाहीं, आणि अजिंठ्यास ती दिसतही नाहीं. बोधिसत्त्वाच्या नाकाच्या कण्यावर, ओठावर, हनुवटीवर पांढुरका उजाळा आहे. गालाच्या व मानेच्या कडेस रंग दाटला आहे. परंतु नाकाची सावली गालावर पडलेली नाहीं. वस्त्रांचेंही तसेंच. पट्ट्यापट्ट्यांचीं तलम अंतरीयें मांडीच्या वळणाबरोबर वळतात. त्या पट्ट्यांच्या बाकावरूनच आंतील अंगाची गोलाई कळते. घडी रेषेनें सांगितली आहे, अंधारानें नव्हे.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर ह्याप्रमाणें सांपडलें. मूळ चित्रांत दिवा नाहीं. तो शोधावयास सांगितलें, ही आमची चूक. पूर्वजांस छायाप्रकाश येत नव्हता असें म्हणणारे आणि पाश्चात्यांचा छायाप्रकाशच त्यांस येत होता असें म्हणणारे, हे दोन्ही पक्ष सारखेच फसले. दोघांनींही दिव्याची पद्धति हेंच माप धरिलें. गोलाई दाखविण्याची एक पूर्ण, सुसंगत व शास्त्रबद्ध रीत येथें होती. ती निराळी होती, अपुरी नव्हती.

ह्या रीतीचा ओघ पुढें मंदावला. ह्याच शहरीं १६५० सालीं सिद्ध झालेली भानुदत्ताच्या रसमंजरीची सचित्र पोथी प्रसिद्ध आहे. तिच्यांत रंग सपाट आणि तेजस्वी आहेत. पैठणचीं म्हणून संग्राहकांत ओळखलीं जाणारीं चित्रकथ्यांचीं चित्रेंही तशींच सपाट. तेथें सारा भार रेषेवर आणि रंगाच्या पट्ट्यावर.

दिव्याची पद्धति महाराष्ट्राच्या दरबारांत आली ती तैलरंगांबरोबर, अठराव्या शतकाच्या अखेरीस. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चितारी १७९१ सालीं मुंबईस उतरला व पुढच्या सालीं पुण्यास गेला. त्यानें सवाई माधवराव पेशवे व नाना फडणीस ह्यांचें केलेलें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. इंग्रजांचा वकील मॅलेट ह्याच्या खटपटीनें पुण्यास चित्रशाळाही निघाली, आणि तींत तयार झालेल्या गंगाराम तांबट ह्यानें वेरूळच्या लेण्यांचीं चित्रें काढिलीं. वेल्स १७९५ सालीं वारला. त्याचीं वेरूळचीं चित्रें टॉमस डॅनियल ह्यानें १८०३ सालीं लंडनांत प्रसिद्ध केलीं. ह्यावरून एवढें दिसतें कीं, आपल्या भागांतील लेणीं व युरोपीय चित्रपद्धति ह्यांची गांठ अजिंठ्याच्याही आधीं वेरूळास पडली होती.

अजिंठ्याच्या चित्रांकडे युरोपीयांचें लक्ष गेलें तें २८ एप्रिल १८१९ नंतर, मद्रासच्या घोडदळांतील जॉन स्मिथ ह्यास लेणीं दिसलीं तेव्हांपासून. त्याचें नांव व ती तारीख दहाव्या लेण्यांतील एका खांबावर अद्यापि कोरलेली आहे. १८४४ सालीं मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल ह्या अधिकाऱ्याची प्रती करण्याच्या कामीं नेमणूक झाली. अजिंठा गांवच्या बारादरींत राहून तो १८६३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ वीस वर्षें, त्या कामांत होता. मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत त्यानें केलेल्या प्रती लंडनजवळच्या सिडनहॅम येथील स्फटिकमहालांत मांडल्या गेल्या. आणि १८६६ च्या डिसेंबरांत तेथें लागलेल्या आगींत, मोजक्या वगळतां, सर्व भस्म झाल्या. गिल पुन्हां लेण्यांकडे वळला, त्यानें छायाचित्रेंही घेतलीं, आणि १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळास आहे. वीस वर्षांच्या श्रमाची अशी राख झालेली ज्या मनुष्यानें जिवंतपणीं ऐकिली, त्याच्याविषयीं कोणत्याही नकलनवीसास सहानुभूति वाटल्यावांचून राहणार नाहीं.

दुसरा प्रयत्न मुंबईच्या सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेचा. ही शाळा १८५७ सालीं निघाली. तेथील अध्यापक जॉन ग्रिफिथ्स ह्यांनीं १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्यंतरीं खंड पडून, विद्यार्थ्यांकरवीं तैलरंगांत प्रती करविल्या. त्या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी हे प्रमुख. तसबिरी रंगविणारे म्हणून पुढें त्यांनीं मोठा लौकिक मिळविला. ह्या प्रतींसही अग्नीनें सोडिलें नाहीं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथें १८८५ सालीं आग लागून त्यांतील पुष्कळ नष्ट वा खराब झाल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. सुदैवानें ग्रिफिथ्स ह्यांचे चित्रपटांनीं युक्त असे दोन खंड १८९६-९७ सालीं छापून निघाले.

येथें आमचा मुख्य मुद्दा येतो. ह्या प्रती लिहिणारा हात कोणत्या वळणाचा होता? गिल युरोपीय रीतींत वाढलेला. कलाशाळेचे विद्यार्थी देशी खरे, परंतु त्यांचा हात प्लास्टरच्या पुतळ्यांवर एका बाजूनें उजेड पाडून त्याची छाया काढण्यांत घोटलेला. शिवाय माध्यम तैलरंगांचें. मूळ चित्रें माती, भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु मिसळलेल्या गिलाव्यावर, चुन्याचा पातळ हात देऊन, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ व लाजवर्द अशा रंगांनीं रंगविलेलीं. त्यांत चकाकी नाहीं, रंग वाळावयास वेळ लागत नाहीं, म्हणून गोलाई रेषांनीं व ठिपक्यांनींच आणावी लागते. तैलरंगांत तीच गोलाई कुंचल्याच्या एका मऊ फिरवणीनें येते. बिंदुजेच्या ठिपक्यांची प्रत करतांना हात सहज ते ठिपके पुसून एकजीव छाया करून टाकितो. चांगल्या लेखकानें अपरिचित आर्ष रूप दिसतांच तेथें नेहमींचें रूप लिहावें, तसाच हा प्रकार. ह्यांत लबाडी नाहीं. उलट जितका लेखक व्युत्पन्न, तितकी ही भूल अधिक.

प्रतीवर तिसरा हात काळाचा. जवसाचें तेल अंधारांत ठेविलें असतां पिवळें पडतें, वरचें वार्निश तपकिरी होतें, आणि सावल्या मूळ नकलनवीसानें दिल्या त्याहूनही गडद दिसूं लागतात. खुद्द भिंतींचीही हीच कथा. रंग उजळ दिसावेत म्हणून नकला करणाऱ्यांनीं त्यांवर वार्निश फांसलें. १९२० ते १९२२ ह्या काळांत निजाम सरकारनें चेकोनी व ओर्सिनी ह्या इटालियन तज्ज्ञांस बोलावून सुटूं लागलेला गिलावा बसवून घेतला. त्या वेळीं वापरलेली लाखही पुढें पिवळी पडली. हे थर उतरविण्याचें नाजूक काम पुढें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास हातीं घ्यावें लागलें. म्हणजे आज जें प्रत्यक्ष भिंतीवर दिसतें, तेंही सर्वस्वीं मूळ पाठ नव्हे. त्यावरही भाष्यकारांचे हात फिरलेले आहेत.

तर मग तैलप्रती टाकाऊ म्हणावयाच्या काय? मुळींच नाहीं. कित्येक ठिकाणीं भिंतीवरचा गिलावा त्या प्रतींनंतर गळून गेला, आणि प्रत हाच एकमेव साक्षी उरला. मात्र साक्षीची उलटतपासणी झाली पाहिजे. त्यासाठीं आम्ही पुढील क्रम सुचवितों.

पहिला विश्वास आकृतींच्या मांडणीवर व रेषेवर ठेवावा. नकलनवीस तींत सहसा हात घालीत नाहीं. ह्यास एक चांगलें प्रमाण आहे. १८५६ सालीं श्रीमती स्पियर ह्यांच्या प्राचीन भारताविषयींच्या ग्रंथांत गिलच्या प्रतींवरून जॉर्ज शार्फ ह्यानें काढिलेलीं चित्रें लांकडी ठशांनीं छापिलीं गेलीं. त्या प्रती जळाल्या; ठसे राहिले. प्रतीची ही प्रत, तीही रंगहीन. तरी कोण कोठें बसला आहे, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर आहे, तें तींतून कळतें. रंग व छाया गेल्या, रेषा तरली.

दुसरा विश्वास रंगाच्या जातीवर ठेवावा, परंतु त्याच्या उजळपणावर नव्हे. आणि तोही अन्य प्रतीशीं ताडून. लेडी हेरिंगहॅम ह्यांनीं १९०९ ते १९११ च्या हिंवाळ्यांत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, सय्यद अहमद आदि चित्रकारांसह केलेल्या प्रती पाण्याच्या रंगांतील आहेत, आणि गुलाम याजदानी ह्यांनीं १९३० पासून प्रसिद्ध केलेल्या भागांत रंगीत छायाचित्रें आहेत. माध्यम बदललें म्हणजे दोष बदलतो; म्हणून निरनिराळ्या माध्यमांच्या दोन प्रती जेथें एकमत होतात, तेथें पाठ बहुधा मूळचा समजावा.

छायाप्रकाशावर विश्वास सर्वांत शेवटीं. तैलप्रतींत एका बाजूनें उजेड येतोसा दिसला, एका आकृतीची सावली दुसरीवर पडली, अथवा वस्त्राच्या घडीच्या पोटांत काळोख सांठला, तर तो क्षेपक धरावा. उलटपक्षीं, उजेड दोन्ही कडांनीं सारखाच मावळत असेल आणि उजाळा फक्त उंचवट्यांवर असेल, तर नकलनवीसाचा हात मुळाच्या आज्ञेंत राहिला असें समजावें. आमच्या विद्यार्थ्यास ज्या अडचणीनें थांबविलें, तीच येथें कसोटी ठरते.

ह्याचा अर्थ तैलरंगांतील छायाप्रकाश आपल्याकडे परकाच राहिला, असा कोणीं करूं नये. अजिंठ्याच्या प्रती करविणारे ग्रिफिथ्स हेच शाळेचे मुख्य असतां १८९० सालीं महादेव विश्वनाथ धुरंधर तेथें दाखल झाले, व त्या शाळेंत त्यांनीं घालविलेल्या एकेचाळीस वर्षांच्या आठवणी १९४० सालीं मराठींत प्रसिद्ध झाल्या. राजा रविवर्मा ह्यांनीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठीं पौराणिक चित्रें रंगविलीं. ह्या पिढीच्या चित्रकारांच्या हातून नऊवारी लुगड्याचा काष्टा, निऱ्या व पदर तैलरंगांत असे उतरले कीं, ती पद्धति मराठी झाली. परकी लिपि शिकून आपली भाषा लिहावी, तसें तें झालें. फक्त त्या लिपीनें जुन्या शिलालेखाचा पाठ बदलूं नये, एवढेंच आमचें म्हणणें.

विद्यार्थ्यानें आपली प्रत पुनः रंगविली. ह्या खेपेस त्यांनीं खिडकी मनांतून काढून टाकिली, नाकाची सावली पुसली, आणि गालाच्या कडेस बारीक कुंचल्यानें ठिपके दिले. तेलांत ठिपके देणें हें कंटाळवाणें काम. त्यास तीन आठवडे लागले. चित्र पूर्वींपेक्षां कमी उठावदार दिसतें, असें घरांतील मंडळींचें मत पडलें. परंतु तें दोन्ही खिडक्यांच्या उजेडांत सारखेंच दिसतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें. वर्गांत वर्षानुवर्षें दिलेलें उत्तर आतां प्रत्येक जुन्या विद्यार्थ्याकडे जाऊन दुरुस्त करणें शक्य नाहीं. ह्या लेखानें तें जितकें होईल तितकें होवो.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. जुन्या वाड्यांतून, शाळांतून, संस्थानी कोठ्यांतून अजिंठ्याच्या चित्रांच्या जुन्या तैलप्रती, खरडे वा छाप कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांस निव्वळ नक्कल म्हणून हिणवूं नये, आणि काळवंडलेल्या दिसतात म्हणून अजाण हातांनीं घासूं-पुसूंही नये. कापडाच्या मागील बाजूस कांहीं लिहिलें असल्यास तें जसेंच्या तसें उतरून घ्यावें; लांबीरुंदी मोजावी; दिवसाच्या सौम्य उजेडांत छायाचित्र घ्यावें. दोनदां आगींत जें गेलें, तें परत येणार नाहीं. परंतु पोथीचें एखादें सुटें पान जसें अकस्मात् दुसऱ्याच बाडांत सांपडतें, तसें त्याचें एखादें पान कोठें तरी शिल्लक असेल, ही आशा सोडण्याचें कारण नाहीं. इत्यलम्.